विजेचा भोंगा

"सांगितलं तर कोणाला खरं वाटणार न्हाई," रामकिसन म्हणाला, "पण मिथुनच्या फोनचा भोंगा म्या माझ्या कानानं ऐकला. वीज पडायच्या चांगला पाव घंटा आधी. असा बोंबलला, असा बोंबलला, की वाटूर फाट्यावरच्या ट्रकवाल्यांनी गाड्या बाजूला घेतल्या."

मिथुनच्या अंगणात बसायला आलेल्यांपैकी दोघं-तिघं ओशाळं हसली. मयताच्या घरी हसू नये, कळत होतं. पण रामकिसनच्या थापांना हसायची गावाची सवय जुनी.

त्याची लेक भावना मागं भिंतीला टेकून बसली होती. ती तेवढी हसली नाही.

भोंगा तिचा होता. वीज पडण्याआधी फोनवर इशारा देणारं एक फुकटचं ॲप. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून, बिनपगारी, ते दुरुस्त करत राहतात. भावनानं त्यात मराठी आवाज घातला होता: झाडाखालून निघा. ॲप तयार करायचं सॉफ्टवेअर कोणत्या आवृत्तीचं घ्यायचं, ते तिथं पहिल्याच पानावर बजावून ठेवलेलं. अमुकच, जुनीच. तिच्या लॅपटॉपवर नवी होती. नवी म्हणजे चांगलीच असणार, असं धरून तिनं तीच वापरली. स्वतःच्या नव्या फोनवर वाजवून पाहिलं. खणखणीत वाजलं.

तिकडच्या तपासणाऱ्यांचा होकार अजून यायचा होता. पण बाबांना कुठला दम. 'माझ्या लेकीनं ढगाला बोलायला शिकवलं' असं सांगत ते घरोघर फिरले आणि ज्याच्या-त्याच्या फोनात ते टाकून आले. मिथुनच्या जुन्यापुराण्या फोनातही.

उत्तर आलं ते वीज पडली त्याच संध्याकाळी. आवृत्ती चुकली आहे. जुन्या फोनवर ॲप उघडेल, पण इशारा आला की मुकाट बंद पडेल. कोणाला देऊ नका.

तिनं ते बाबांना वाचून दाखवलं. त्यानंतर बाबा कोणाशीच बोलले नव्हते. आज बोलत होते.

"ट्रक थांबले म्हणतो," शेजारचा मच्छिंद्र म्हणाला, "मंग हे पोरगं का न्हाई हाललं?"

"तेच तर. म्या बांधावरून वरडलो, अरे निघ त्या लिंबाखालून जल्दी. तर म्हणतो कसा, वाजू द्या काका, पाऊस उघडला की निघतो. पहिल्यापासून हट्टी. बापावर गेल्ता बिलकुल."

आवाज बराबर होता, हातवारे नेहमीचे होते. फक्त बाबा कोणाच्या तोंडाकडं बघत नव्हते.

"बाबा, चला आता," भावना हळूच म्हणाली. त्यांनी तिचा हात झटकला.

मच्छिंद्रनं मान डोलावली. कोणीतरी म्हणालं, "पोरगं ऐकतच नव्हतं कोणाचं." दुसरं म्हणालं, "हां, हट्टी तर होतंच." भावनाला क्षणभर हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटलं याची लाजही.

मिथुनची आई सगुणाबाई दारात बसली होती. पोराला शेतातून उचलून आणल्यापासून तिनं तोंड उघडलं नव्हतं. शेजारणींनी आणलेली भाकरी तिच्यापुढं तशीच होती.

"फोन त्याच्यापाशी नव्हता, भाऊ," ती म्हणाली.

बाबांचा हात वर गेलेला, तो तिथंच राहिला.

"भिजल म्हणून माझ्यापाशी दिल्ता. म्या शेतातल्या कोपीत, छपराखाली बसल्ते, फोन हातात धरून. आता वाजल, मंग वाजल. वाजलाच न्हाई." तिनं भाकरीवरची माशी हाकलली. "तो इकडं कोपीत यायला निघाल्ता. म्याच वरडून सांगितलं, फोन वाजंना, थांब लिंबाखालीच, कशाला भिजतो."