रुपाचं रगत

बोटात सुई टोचली तरी रुपा रडली नाही. नुसती कण्हली. दीड वर्षाचं लेकरू, पण ओठ चुन्यासारखे पांढरे.

अंगणवाडीच्या साधनाताईंनी रगताचा आकडा वाचला. "सहा! मागल्या खेपेला सात होतं. अनुसयाबाई, पाकिटातला आटा देता ना रोज? त्यात लोह घातलेलं असतं. दोन महिने पोटात गेलं तर रगत वाढायला पाहिजे. हिंगोलीला दाखवून आणा एकदा."

"आधी घरचं बराबर करते," नातीला उचलत अनुसयाबाई म्हणाली आणि तिनं सुनेकडं पाहिलं. मिनानं मान खाली घातली.

त्याच दिवशी दारातली बकरी रिकामं पाकीट चाटताना दिसली.

"काहून गं मिना? लेकराचा घास बकरीला?"

"तसं न्हाई. रुपाला चारून पाकीट फेकलं मी. तुमी शेतावर असता तवा रोज चारते."

"मग रगत कुठं गेलं?"



सांजेपर्यंत साऱ्या तांड्याला कळलं, की मिना लेकराचा आटा बकरीला घालते. मिनाच्या नवऱ्यानं, जगननं, तिच्यावर पहिल्यांदाच हात उचलला. आठ दिवसांनी सासरा धर्मसिंगनं चार जाणती माणसं बसवली. ठरलं ते असं, की मिनानं माहेरी बाळापूरला जावं आणि लेकरू इथंच राहावं.

जीपमध्ये चढताना मिना रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "सकाळी उपाशीपोटी घेत न्हाई ती. गूळ घालून, पातळ करून देत जा."

नाटकं करती, असं अनुसयाबाईला वाटलं.

त्या दिवसापासून तिनं शेत सोडलं आणि नातीला मांडीवर घेतलं. दिवसातून तीनदा आटा शिजवायचा, बोटानं भरवायचा, वाटी निपटून चाटवायची. ज्यांची पोरं खात नव्हती त्यांच्या घरून ती उरलेली पाकिटं मागून आणायची. ताईनं दिलेलं रगतवाढीचं लोहाचं औषध सांगितल्याच्या दुप्पट पाजायची. रुपाचं पोट टणक होऊन वर आलं, तेव्हा तिला समाधान वाटलं. लेकरू आता भरून राहिलं. डोळे पिवळे दिसत होते, पण ती उन्हाळ्याची झळ असणार.

दोन महिन्यांनी एका सकाळी रुपाला मान उचलता येईना.

जगननं मोटारसायकल काढली, नातीला मांडीवर घेऊन अनुसयाबाई मागं बसली. हिंगोलीच्या दवाखान्यात नेल्याबरोबर तिचं रक्त तपासायला घेतलं, मग रक्ताची बाटली लावली. चौथ्या दिवशी डॉक्टरबाईंनी दोघांना आत बोलावलं. समोर तपासणीचे कागद होते.

अनुसयाबाईनं हात जोडले. "बाई, हिच्या आईनं घात केला. लोह पोटात जाऊच दिलं न्हाई. मी देऊन राहिले, पण उशीर झाला."

"आईचा काही दोष नाही, आजी. हिचं रक्त अंगात तयार होतं तेच मोडकं. जन्माचा आजार आहे, आईबाप दोघांकडून आलेला. कितीही खाऊ घाला, त्यानं वाढत नाही."



"पण लोह तर कमीच पडलं ना?" अनुसयाबाईनं विचारलं.

डॉक्टरबाईंनी कागदावरून नजर वर केली.

"कमी? या आजारात लोह आधीच अंगात साचतं, त्यात हिच्या अंगात नको तितकं साचलंय. काळजाला लागलंय ते. कोण चारत होतं एवढं?"