वाजणारी फरशी

"ती फरशी मात्र राहू दे," आई म्हणाली.

मुलानं कपाळावर हात मारला. घर विकायला काढलंय, आठवड्याभरात गिऱ्हाइकं बघायला येणार, आणि हिचं सकाळपासून एकच पालुपद: हे राहू दे, ते राहू दे. दाराची बिजागरी करकरते? करकरू दे. बोळातल्या भिंतीचा पोपडा हाताला लागतो? लागू दे. न्हाणीघरातला नळ रात्रंदिवस टिपटिपतो, त्यालाही हात लावायचा नाही. मग गवंडी काय नुसता चहा प्यायला बोलावलाय?

"अगं, घर घेणारा माणूस आधी खोडच काढतो," तो म्हणाला. "बोळात पाऊल टाकलं की खट्! तिथंच नाक मुरडणार. आमच्याकडे बघ, सगळं कसं गुळगुळीत. चालताना पायाचासुद्धा आवाज येत नाही."

"हो का?" आई म्हणाली.

"बरं, रंगाचं तरी सांग. पांढरा की पिवळसर?" त्यानं दोन्ही नमुने तिच्यापुढे धरले.

"तू ठरव. तुला त्यातलं कळतं."

त्याला हसूच आलं. पडद्याची छटा जरा इकडची तिकडे झाली तर दुकानदाराला अख्खं दुकान उपसायला लावणारी बाई ही! ती आज म्हणते, तू ठरव. घर सोडून मुलाकडे राहायला जायचं, म्हणून बिचारीचं मन उडालंय यातून, असं त्यानं आपलं आपणच ठरवून टाकलं. विकायचं म्हटल्यावर मात्र ती एका शब्दात हो म्हणाली होती. तेव्हा त्यालाच केवढं हायसं वाटलं होतं.

गवंडी थापी घेऊन ताटकळत उभा होता. "मग दादा, काय करू?"

मुलानं अगदी आईच्या तोंडासमोर गवंड्याला डोळ्यानं खूण केली: बसवून टाका. गवंड्यानं मान डोलावली. आईनं काही हरकत घेतली नाही. "चहा टाकते," म्हणून ती आत गेली. जाताना फरशी वाजली, खट्.

एवढीशी फरशी, तिला काय मुहूर्त बघायचा? गवंड्यानं ती उचलली, खाली सिमेंटचा ओला माल पसरला, रबरी हातोडीनं ठोकून बसवली. बोळ कसा एकसारखा झाला. मागचं दार तर त्यानं सकाळीच काढून ठेवलं होतं, खालची कड तासायला. बाहेरच्या पायऱ्यांचा गंजका कठडाही उपटून अंगणात टाकला होता.

स्वयंपाकघरातून निघालेला बोळ सरळ त्या मागच्या दाराशी जातो. मधे डाव्या हाताला बैठकीची खोली. तिच्या उंबऱ्यावर मुलगा चौकटीला टेकून उभा होता, आणि ती मेली फरशी बरोब्बर त्याच्या पायाशी.

आई ट्रे घेऊन आली. ताठ, नेहमीच्याच चालीनं. त्यानं कप उचलायला हात पुढे केला. आई त्याच्या समोरून पुढे निघून गेली.

रुसली वाटतं! हसत हसत हे सांगायला तो खोलीतल्या गवंड्याकडे वळला. गवंड्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आजी!" तो किंचाळला.

आईचं एक पाऊल मागच्या दारापलीकडे, हवेत होतं. मुलानं झेप घेतली, दंड धरून तिला मागे ओढलं. ट्रे सुटला. कप पायरीपायरीवर आपटत, फुटत खाली गेले.

"अगं, दिसत नाही का तुला?" तो ओरडला.

आई त्याच्याकडे वळली होती, पण बघत होती त्याच्या कानाच्या बाजूला कुठेतरी. ती थरथरत होती. "फरशी वाजली नाही," ती पुटपुटली. "मला वाटलं, वळायची जागा यायचीय अजून."

त्यानं तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला. पापणीसुद्धा लवली नाही. मग त्याला रंगाचे नमुने आठवले. तिच्या तोंडासमोर केलेली ती खूण आठवली. दर महिन्याला येऊन जात होता तो! हिच्या समोर बसून जेवत होता!

"कधीपासून?"

"वर्ष होईल. आधी डावा गेला, मग उजवा."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"आंधळी सासू घरात आणायची, म्हटल्यावर सूनबाई काय म्हणाली असती?" आई म्हणाली. "म्हटलं, आधी येते. चार दिवसांत तुमचं घर पाठ करते, मग सांगेन. इथं नाही का केलं? कळलं का कुणाला?"

तो गवंड्याला म्हणाला, "मिस्त्री, ती फरशी उचला. माल ओला आहे तोवर उचला."

"पण दादा, घर विकायचंय ना?"

आई भिंत चाचपत मागे सरकली. बोटांना पोपडा लागला, तशी ती जरा स्थिरावली.

"काय रे," तिनं हळूच विचारलं, "तुझ्याकडे खरंच पायाचासुद्धा आवाज येत नाही?"