परवानगीची रेंज

आमच्या डिम्पनाकाकूंच्या घरातूनच सीमा जाते. स्वयंपाकघर आयर्लंडमध्ये आणि घरातला एकुलता एक संडास उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत. काकू पाहुण्यांना खोल्या भाड्याने देतात.

परवा सकाळी अमेरिकेहून वेंडेल नावाचे निवृत्त न्यायाधीश येऊन उतरले. चहाचा तिसरा कप संपल्यावर त्यांनी संडास कुठे आहे ते विचारलं.

"या दारातून पलीकडे. पण जपून हं, तिथे ब्रिटन लागतं," काकू हसत म्हणाल्या.

वेंडेल हसले नाहीत. तिकडे पाऊल टाकण्याआधी अमेरिकनांना मोबाइलवरून परवानगी घ्यावी लागते, हे ते वाचून आले होते.

"अहो साहेब, आमच्या गाई दिवसातून चारदा सीमा ओलांडतात!"

"बाई, चाळीस वर्षं मी कायदा मोडणाऱ्यांना तुरुंगात धाडलं. आता या वयात मीच मोडू?"

पायावर पाय घट्ट दाबून त्यांनी अर्ज भरला, आपण दहशतवादी नसल्याचं लिहून दिलं, घामेजलेल्या चेहऱ्याचा फोटो काढला. पण अर्ज काही केल्या जाईना.

"बाई, लवकर सांगा, इथे रेंज कुठे येते?" ते कळवळून म्हणाले.



"संडासात."