शिक्केवाल्याने आणलेली फिल्म

“काका, झोपा ना मशीनवर. बाहेरचे खोळंबलेत.”

“आधी हे बघा.” म्हाताऱ्याने एमआरआयची फिल्म संगणकाच्या पडद्याशेजारी धरली.

किरणोपचाराचा आराखडा आखणाऱ्या भौतिकतज्ज्ञ बाईंनी मान वळवली नाही. “रुग्णाची डावी बाजू चित्रात उजवीकडे दिसते. पद्धतच आहे तशी.” हे उत्तर त्या आठवड्यातून चारदा तरी देत.

“अकरा दिवस हेच ऐकतोय. म्हणून आज फिल्म आणली.”

“अहो, पुरे आता,” बायको दाराजवळून कुजबुजली. “ते चिडले तर आपल्यालाच भोवेल.”

“चिडू देत! जीव माझा जातोय.” त्याचा आवाज फाटला. “चाळीस वर्षं रबरी शिक्के कोरले, बाई. उलटी अक्षरं कोरूनच पोट भरलं. पद्धत कळते मला. पण फिल्मलाही तीच पद्धत ना? फिल्मवर डाग डावीकडे आहे. तुमच्या पडद्यावर उजवीकडे. मग किरण मारताय कुठे?”

आता त्या वळल्या.

साध्या एमआरआयमध्ये प्रोस्टेट ग्रंथीचा नुसता आकार दिसतो. म्हाताऱ्याचा केला होता त्या खास एमआरआयमध्ये पेशींमधलं पाणी कुठे अडतंय ते कळतं, म्हणजे कर्करोग कुठे दाटलाय तेही. तेवढ्या डागावर किरणांची जादा मात्रा द्यायची. डागाचा हा नकाशा दुसऱ्या संगणकावरून यायचा आणि बाई तो आराखड्यावर हाताने बसवायच्या. ग्रंथी दोन्ही अंगांनी जवळजवळ सारखीच. उलटा नकाशासुद्धा तिच्यावर चपखल बसतो.

त्यांनी बायोप्सीचा अहवाल काढला. डाग शरीराच्या उजव्या बाजूला, म्हणजे फिल्मवर डावीकडेच. आराखड्यातली जादा मात्रा मात्र शरीराच्या डाव्या बाजूला जात होती. अकरा दिवस.

“काका,” त्या म्हणाल्या, “तुमचं बरोबर आहे. नकाशा मी हाताने बसवला, तो उलटा बसला.”

म्हाताऱ्याने फिल्म खाली ठेवली. इतके दिवस तो भांडत होता ते कुणीतरी आपल्याला खोटं पाडावं म्हणून, हे त्याला आत्ता कळलं. बायकोने त्याचा खांदा घट्ट धरला.

मग त्याने विचारलं, “हाताने बसवलेला नकाशा माझा एकट्याचाच होता ना?”

बाईंनी उठून दार उघडलं.

बाहेर बाकांवर सात पुरुष, याच उपचारासाठी सांगितल्याप्रमाणे भरपूर पाणी पिऊन, लघवी रोखून, आपला नंबर लागायची वाट पाहत बसले होते.