बारकीची लेक

डहाणूच्या छोट्या सभागृहात सोनल दरवर्षी आठवडाभर वेगळे, सहसा कुठे न लागणारे सिनेमे दाखवायची. त्या वर्षी उधवा गावात चित्रित झालेला एक सिनेमा होता. त्यात दिसणाऱ्या, त्याच गावच्या बारकीचा अभिनय सोनलला इतका आवडला होता, की तिने तिला गावाहून मुद्दाम बोलावून घेतलं. पडद्यावर बारकी तापाने फणफणलेल्या मुलीला मांडीवर घेऊन रडू लागली, तशी प्रेक्षकांत बसलेली बारकी ताडकन उठली. "सोमी," तिने हाक मारली. सोनलने शेजारी बसलेल्या दिग्दर्शकाला, शैलेशला, विचारलं, "ही सोमी कोण?" "तिचीच मुलगी. शूटिंगच्या वेळी आजारी पडली, नंतर गेली. कॅमेरा लांब होता, आम्ही ते टिपतोय हे बारकीला कळलंही नाही." सोनलने सिनेमा तिथेच थांबवायला लावला. दिवे लागले. ती बारकीजवळ गेली. "माफ करा. मला तो अभिनय वाटला होता." बारकी रिकाम्या पडद्याकडे बघत म्हणाली, "बंद कशाला केला? माझेकडं तिचा फोटोपण नाय. परत लावा." सिनेमा पुन्हा सुरू झाला. बारकी पडद्याला लागून उभी राहिली आणि मुलगी दिसेनाशी झाल्यावरच मागे वळली. जाताना ती शैलेशला म्हणाली, "मी बघितली, बस. आता कोणाला दाखवू नका." "बरं," तो म्हणाला. पुढच्या आठवड्यात सिनेमा मुंबईत लागणार होता, हे सोनलला माहीत होतं. बारकीने सोनलकडे पाहिलं. सोनलने तिला खरं ते सांगितलं.