न फुटलेल्या पेशी

सरांनी स्टँडवरची एक नळी स्वतःच्या हाताने उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. तळाशी लाल थर, वर नितळ पाणी. एकही रक्तपेशी फुटली नव्हती. समोर बसलेल्या बालविभागाच्या डॉक्टरांना हायसं वाटलेलं दिसलं.

सर रंगात आले. जंतूच्या विषाचा एकेक कण एकटा असेपर्यंत बापुडवाणा असतो, ते सांगू लागले. पण पेशीच्या आवरणावर असे सात जण जमले, की हातात हात घालून कडं करतात आणि आवरणाला आरपार भोक पाडतात. पाणी आत घुसतं, पेशी फुटते आणि नळीतलं पाणी लालेलाल होतं. आपलं औषध त्यांना हातच धरू देत नाही.

त्यांची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी दाराशी दात आवळून ऐकत होती. तिचा भाचा त्याच डॉक्टरांच्या वॉर्डात होता. याच विषाने त्याच्या फुफ्फुसांची चाळण केली होती. नव्या औषधासाठी संमतीची सही करताना ताई म्हणाली होती, मावशीच्या लॅबचं औषध आहे, आता काळजी कसली.

काळजी तीच तर होती. खर्च नको म्हणून सरांनी सशांचं रक्त वापरणं बंद केलं होतं आणि प्रयोगाला सगळ्यांनी आपापलं रक्त द्यायचा पायंडा पाडला होता. तिने पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. या विषाने सशाच्या रक्तपेशी पटापट फुटतात, माणसाच्या सहसा दाद देत नाहीत. माणसाचा घात होतो तो फुफ्फुसात. शितावरून भाताची परीक्षा होते, असं म्हणून सरांनी तिला वाटेला लावलं. निदान रक्त आणि विष घातलेली, पण बिनऔषधाची एक नळी तुलनेला शेजारी लावू या म्हटलं, तर ते फुकटचं काम ठरलं. पालथ्या घड्यावर पाणी. लेकराच्या छातीवर प्रयोग सरांना चालत होता, एक नळी जास्त चालत नव्हती.

आज सकाळी तिने कुणाला न विचारता ती नळी लावली. झाकणावर ठळक खूण केली आणि बाकीच्यांच्या रांगेत ठेवून दिली.

डॉक्टरांनी फोन हातात घेतला. जुन्या औषधाने पोराची मूत्रपिंडं शिणली आहेत, ते म्हणाले, आजच ते थांबवून हे सुरू करायला सांगतो.

"थांबा, डॉक्टर," ती पुढे येत म्हणाली.

सरांनी डोळे वटारले. नळी अजून त्यांच्या हातातच होती. "आता काय राहिलं? यात एक तरी फुटलेली पेशी दाखव."

"एकही फुटलेली नाही, सर. पण झाकणावरची खूण बघा. तुमच्या हातातल्या नळीत औषध घातलेलंच नाही. नुसतं विष आहे."