किएरो म्हणजे

“केरो नव्हे, महिपती. किएरो,” पाद्रीबाबा म्हणाले.

पोष्टमन महिपतीनं टपालाची पिशवी ओट्यावर ठेवली आणि पुन्हा म्हटलं, “किएरो.”

“मी, तू, तो म्हणताना क्रियापदाच्या पोटातला ‘ए’ फुटून ‘इए’ होतो. किएरो, किएरेस, किएरे. ‘आम्ही’ म्हणताना मात्र फुटत नाही. केरेमोस.”

“आमचं ‘जा’ न्हाई का, जातो म्हनता म्हनता ‘गेलो’ होतं. तसंच म्हना. आन् अर्थ?”

“हवं असणं. माया असणंसुद्धा.”

“दोन्हीला एकच सबुद?”

“तुमच्यातही आहेच की. ‘तू मला हवास’ म्हणजे काय?”

महिपती लाजला. वीस वर्षांच्या संसारात बायकोला तो असं कधी बोलला नव्हता.

पाद्रीबाबा स्पेनचे. हवापालटासाठी लोणावळ्याला आले, तुंगार्लीच्या बंगल्यात राहिले आणि तिथंच त्यांची नजर गेली. महिन्याला आईचं पत्र यायचं, पण वाचणार कोण? महिपतीला इंग्रजी पत्ते लावण्यापुरती अक्षरं येत होती. तेवढ्या भांडवलावर तो पत्र मोठ्यानं वाचायचा. त्याला काही कळायचं नाही, बाबांना सगळं कळायचं. एकदा वाचता वाचता बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. महिपती घाबरून म्हणाला, “मी काय बोललो, बाबा?” त्या दिवसापासून स्पॅनिशचे धडे सुरू झाले.

मग तिकडं लढाई पेटली आणि पत्रं थांबली. चार महिने झाले, पाच झाले. ओट्यावर पावलं वाजली की बाबा विचारायचे, “आलं?”

“न्हाई, बाबा.”

स्वयंपाकाच्या धोंडाबाईनं एकदा महिपतीला फाटकापाशी गाठलं. “दोन दिस पेजंला हात लावला न्हाई त्यांनी. मानूस असं किती दिस जगंल?”

 महिपतीनं धडे सोडले नाहीत. उलट रोज नवं क्रियापद मागू लागला.

भातं कापायला आली तेव्हा एका दुपारी तो ओटा चढताच म्हणाला, “आलं, बाबा.”

बाबा खुर्चीतून अर्धे उठले. महिपतीनं घडी उलगडली आणि अडखळत वाचलं. आई सुखरूप होती. घराचं छप्पर शाबूत होतं. लेकानं वेळेवर जेवावं, एवढंच तिचं मागणं होतं. शेवटी लिहिलं होतं, “ते केरो, ईहो.”

“किएरो,” बाबा हळूच म्हणाले. “माझी माया आहे तुझ्यावर, बाळा.”

“व्हय, किएरो. अक्षर लय बारीक हाय.”

त्या संध्याकाळी बाबांनी भाकरी मागून घेतली. धोंडाबाईनं पदरानं डोळे टिपले.

पुढं दर महिन्याला पत्र येऊ लागलं. बाबा जेवू लागले, अंगणात फिरू लागले.

“आई हल्ली जेवणाचीच चौकशी फार करते,” एकदा ते म्हणाले.

“आईच ती,” महिपती म्हणाला.

उत्तर मात्र बाबांनी एकदाही लिहून घेतलं नाही. म्हणायचे, “लढाईत पोचायचं नाही.”

दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या हिवाळ्यात बाबांनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी धोंडाबाईला बाजूला नेऊन सांगितलं की आता थोडेच दिवस. महिपती त्या दिवशी टपाल वाटायचं अर्धं टाकून पत्र घेऊन आला. एकही चूक न करता त्यानं ते वाचलं. ‘ते किएरो’सुद्धा नीट म्हटलं.

 मग बाबा म्हणाले, “आज उत्तर सांगतो. कागद घे.”

महिपतीनं पेन्सिल काढली.

“लिही. केरिदो...”

“बाबा, ‘प्रिय’ ना? आईला केरिदा म्हनायचं. केरिदो पुरुषाला.”

“ठाऊक आहे मला,” पाद्रीबाबा म्हणाले आणि चाचपडत त्यांनी त्याचा हात धरला. “लिही. केरिदो महिपती, तुझी सगळी पत्रं पोचली.”